काविळीवरच्या औषधाने नेमके काय बरे होते?

२०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ही मंडळी गुळवेल घेत होती आणि त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती याची खात्री कुठे केली, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास छापला. तरीही वाद मिटला नाही.

सामान्य वाचक गोंधळतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. गुळवेल, म्हणजे ग्रंथांतली गुडूची, ही काविळीवरच्या फलत्रिकादि काढ्यातली एक वनस्पती आहे. यकृताच्या औषधातच जी आहे, तिने यकृत बिघडेल कसे? आणि बिघडत असेल, तर पिढ्यान् पिढ्या लोकांना तिने गुण कसा आला? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मिळायला आधी यकृत काय करते आणि कावीळ का होते, हे पाहावे लागते.

यकृतात काय चालते

बरगड्यांखाली उजव्या बाजूला असलेले हे इंद्रिय मोठ्या माणसात साधारण सव्वा ते दीड किलो भरते. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. त्यातले जवळजवळ तीनचतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून आलेले असते. आपण जे खातो, पितो, औषध म्हणून घेतो, ते आतड्यात शोषले गेले की बाकी शरीरात पसरण्याआधी यकृतापुढे हजर होते. काढ्यातला कडू द्रव असो की गोळीतले रसायन, त्याची पहिली आणि सर्वांत दाट मात्रा यकृताच्याच पेशींना मिळते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

यकृत रक्तातली प्रथिने बनवते, साखर साठवते, रक्त गोठायला लागणारे घटक तयार करते आणि पित्त बनवून आतड्यात सोडते. शरीराला नको असलेल्या रसायनांचे रूप पालटून ती पाण्यात विरघळतील अशी करते, म्हणजे ती लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतात. या कामात मळ कुठे साचून राहत नाही. ‘यकृताची सफाई’ करून देण्याचे जे दावे आपण वाचतो, त्यांना म्हणूनच अर्थ नाही. यकृतात साचते ती चरबी आणि उमटतात ते व्रण. ते घालवायचे तर त्यांचे कारण दूर करावे लागते.

डोळे पिवळे होतात म्हणजे काय होते

रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे रंगद्रव्य निघते. यकृत ते उचलते, त्याचे रूप बदलते आणि पित्तनळीवाटे आतड्यात सोडते. शौचाला जो रंग असतो तो त्याचाच. रक्तात हे द्रव्य प्रमाणाबाहेर वाढले की आधी डोळे आणि मग कातडी पिवळी दिसते. यालाच आपण कावीळ म्हणतो.

म्हणजे अडथळा तीन ठिकाणी येऊ शकतो. तांबड्या पेशीच भराभर मोडत असतील, तर यकृत धडधाकट असूनही ते मागे पडते. यकृताच्या पेशींना सूज असेल, मग ती विषाणूने, दारूने, औषधाने किंवा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आलेली असो, तर त्यांना हे काम पेलत नाही. आणि पित्तनळीच खड्याने किंवा गाठीने बुजली असेल, तर यकृताने तयार केलेले पित्त उलटे रक्तात येते. तिन्ही माणसे आरशात सारखीच पिवळी दिसतात. पहिल्याच्या रक्ताचा इलाज हवा, दुसऱ्याच्या यकृताला सूज का आली ते शोधायला हवे, तिसऱ्याची नळी मोकळी करायला हवी. ‘काविळीचे औषध’ म्हणून तिघांना एकच पुडी दिली, तर निदान दोघांचा वेळ वाया जाणार.

हा भेद आजच्या विज्ञानाने पहिल्यांदा केला असे मानायचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत. ज्या रुग्णाला वाटलेल्या तिळासारखे फिकट शौचाला होते, त्याच्या पित्ताची वाट कफाने अडली आहे, असे चरक म्हणतो. नेहमीच्या कामलेला सौम्य, कडू औषधांचे रेचन, म्हणजे जुलाब. वाट अडलेल्या रुग्णाला मात्र आधी निराळे, तिखट व उष्ण उपचार, आणि तेही शौचाला पित्ताचा रंग परत येईपर्यंत. रंग परतला की मग नेहमीची चिकित्सा. कारणाची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी आहे, पण फिकट शौच म्हणजे पित्ताची वाट बंद, हे निरीक्षण आजही जसेच्या तसे टिकते. हे वाचताना मला त्या वैद्यांविषयी आदर वाटतो. आणि खंत अशी वाटते की त्यांचे नाव घेऊन आज जी औषधे खपतात, ती घेणाऱ्याला ‘तुझी कामला कोणती?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचावे

यकृताच्या तपासणीत बिलिरुबिनखेरीज एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन नावे दिसतात. ही पेशींच्या आतली विकरे आहेत, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. पेशी फुटली की ती रक्तात सांडतात. घर जळत असताना निघणाऱ्या धुरासारखा हा आकडा आहे. धूर दिसला म्हणजे कुठेतरी आग आहे हे कळते, पण किती घर शिल्लक आहे हे कळत नाही. जळण्यासारखे काही उरले नाही की धूरही थांबतो. सिरोसिसमध्ये, म्हणजे व्रण साचून यकृत कडक आणि गाठाळ होते तेव्हा, हे आकडे अगदी सामान्य असू शकतात.

यकृताची शिल्लक ताकद कळते ती अल्ब्युमिन या प्रथिनावरून आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो यावरून. त्या दुसऱ्या तपासणीचा निकाल ‘आयएनआर’ नावाने लिहितात. ‘औषधाने एसजीपीटी उतरले’ एवढ्यावर ते गुणकारी ठरवणाऱ्या जाहिराती हे दोन आकडे क्वचितच दाखवतात.

‘माझ्या घरात गुण आला आहे, तो खोटा कसा?’

खोटा नाही. माणूस बरा झाला हे खरेच असते. प्रश्न एवढाच, की श्रेय कोणाचे.

दूषित पाणी किंवा अन्न यांतून होणाऱ्या काविळीची मुख्य कारणे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू आहेत. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या यमुनेच्या पाण्यातून आलेल्या साथीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. ती साथ हिपॅटायटिस ईची होती, असा निष्कर्ष बऱ्याच वर्षांनी निघाला. या दोन्ही विषाणूंचा संसर्ग बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत आपोआप संपतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते सात आठवडे गेलेले असतात. तोवर प्रतिकारशक्ती कामाला लागलेली असते आणि विषाणूचा जोर ओसरू लागलेला असतो. आपण औषध सुरू करतो ते डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे शरीराने निम्मी लढाई जिंकल्यावर. त्यानंतर आकडे उतरणारच असतात. औषध कडू असो, गोड असो, पोटातले असो की नाकात टाकायचे, पुढच्या तीन-चार आठवड्यांत बहुतेक जण बरे होणार.

हिपॅटायटिस बीचेही तसेच. मोठ्या माणसाला तो नव्याने झाला, तर १०० पैकी ९५ हून अधिक जणांचे शरीर तो स्वतः घालवते. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला, तर मात्र १० पैकी ९ बाळांत तो ठाण मांडून बसतो.

म्हणून औषधाची पारख करायची तर एकच मार्ग उरतो. सारख्याच आजाराच्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला दिसायला तसेच पण औषध नसलेले काहीतरी द्यायचे आणि दोन्ही गटांची तुलना करायची. ही कसोटी पाश्चात्त्य वैद्यकाने आपल्यावर लादली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात याशिवाय कोणालाच काही कळू शकत नाही, डॉक्टरला नाही आणि वैद्यालाही नाही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे ना?’

कुटकी, भुईआवळी, काळमेघ, माका, पुनर्नवा, शरपुंखा. या सगळ्या वनस्पतींवर ‘यकृताचे रक्षण करते’ असे सांगणारे शोधनिबंध आहेत आणि त्यांत लबाडी आहे असे मी म्हणत नाही. पण तो प्रयोग बहुधा कसा असतो ते पाहा. उंदराला आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क देतात. मग कार्बन टेट्राक्लोराइड नावाचे रसायन देऊन त्याचे यकृत मुद्दाम दुखावतात. अर्क दिलेल्या उंदरात एसजीपीटी कमी वाढले, की वनस्पती रक्षक ठरते.

यात दोन अडचणी आहेत. पहिली उघड आहे: माणसे विष घेण्याआधी आठवडाभर काढा पीत नाहीत. ती आजारी पडल्यावर औषध शोधतात, आणि त्यांचा आजार विषाणूचा, दारूचा, चरबीचा किंवा खड्याचा असतो. दुसरी अडचण सहसा सांगितली जात नाही. कार्बन टेट्राक्लोराइड मुळात यकृताला एवढे घातक नसते. यकृतातलेच एक विकर त्याचे घातक रूप तयार करते. जी वनस्पती त्या विकराला नुसती रोखून धरेल, ती या प्रयोगात रक्षक दिसेल. तीच वनस्पती माणसाने इतर औषधांबरोबर घेतली, तर त्या औषधांचा निचरा बिघडवू शकेल. उंदरावरचा हा प्रयोग शोधाची सुरुवात म्हणून ठीक आहे. माणसाला औषध द्यायला तो पुरत नाही.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ हा शुद्ध केलेला अर्क काढून त्यावर बराच अभ्यास केला. कडू कुटकीकडे इतक्या गांभीर्याने पाहिले गेले याचे समाधान वाटते. पण ही वनस्पती हिमालयात उंचावर उगवते आणि उपटून उपटून इतकी विरळ झाली आहे, की १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे. माल दुर्मीळ झाला की भेसळ आलीच.

भुईआवळीची गोष्ट

या विषयात मला सर्वांत शिकवून जाणारी गोष्ट भुईआवळीची वाटते. पानांखाली बारीक आवळ्यांसारखी फळे धरणारी ही पावसाळी वनस्पती. तमिळनाडूच्या ‘सिद्ध’ नावाच्या पारंपरिक वैद्यकात ती ‘कीळानेल्ली’ या नावाने काविळीवर देतात.

हिपॅटायटिस बीचा शोध लावून १९७६ साली नोबेल मिळवणारे बरुक ब्लमबर्ग आणि त्यांचे सहकारी या वनस्पतीकडे वळले. प्रयोगशाळेत तिच्या अर्काने विषाणूच्या वाढीला अडथळा येताना दिसला. मग मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, माणसांवर चाचणी झाली आणि १९८८ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शरीरात विषाणू कायम घेऊन वावरणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळी दिली होती. त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेल्या पुड्या घेणाऱ्या २३ जणांत हे फक्त एकाच्या बाबतीत घडले. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के! जगभर खळबळ उडाली. तेव्हा या आजारावर चांगला इलाज जवळपास नव्हताच.

मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. १९९० साली थायलंडमधून उत्तर आले: लक्षणे नसलेल्या वाहकांत भुईआवळीने विषाणूची खूण जात नाही. आणखीही चाचण्या झाल्या. मद्राससारखा निकाल पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही. असे का झाले असावे? वनस्पतीची जात, माती, तोडणीचा हंगाम, रुग्णांची निवड, विषाणूचे प्रकार, अशी अनेक कारणे पुढे आली. कोणतेही एक सिद्ध झाले नाही.

या गोष्टीत परंपरेची कुचेष्टा कोणीच केली नव्हती. नोबेल मिळालेल्या माणसाने तिच्यावर विश्वास टाकला, उत्तम नियतकालिकाने जागा दिली, पैसा आणि वर्षे खर्च झाली. ‘आपल्या औषधांना कोणी संधीच देत नाही’ ही तक्रार मी ऐकतो तेव्हा मला भुईआवळी आठवते. संधी मिळाली होती आणि उत्तरही मिळाले. आज हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी सोडून भुईआवळीवर राहणे म्हणजे यकृत आतून जळू देणे आहे.

परंपरेतून मिळाले तेही सांगायला हवे

चिनी वैद्यकात अस्वलाचे पित्त यकृत व पित्ताच्या विकारांवर शेकडो वर्षे वापरात होते. त्यातले मुख्य द्रव्य जपानी संशोधकांनी १९२७ साली वेगळे केले. ते म्हणजे उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. पित्तनळ्यांना हळूहळू नष्ट करणाऱ्या एका आजारात आजही सुरुवातीचे औषध हेच आहे. ते आता कारखान्यात तयार होते आणि त्यासाठी अस्वलाला पिंजऱ्यात ठेवण्याची गरज नाही.

युरोपात मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बिया यकृतासाठी वापरत. त्यांतल्या सिलिमरिनचा एक घटक, सिलिबिनिन, विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना शिरेतून देतात. तो अळंबीचे विष यकृताच्या पेशीत शिरू देत नाही. त्याच सिलिमरिनच्या गोळ्या हिपॅटायटिस सीवर मात्र चालल्या नाहीत. अमेरिकेत १५४ रुग्णांवर भरपूर मात्रेत चाचणी झाली आणि २०१२ साली निकाल आला: औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. म्हणजे एकच वनस्पती एका आजारात उपयोगी आणि दुसऱ्यात निरुपयोगी. ‘यकृताला चांगली’ असे सरसकट वर्णन ना औषधाचे करता येते, ना वनस्पतीचे.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनची इंजेक्शने जपानमध्ये दीर्घकालीन यकृतदाहावर अनेक वर्षे दिली गेली. त्यांनी एसजीपीटी उतरते. पण ज्येष्ठमध शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. सिरोसिसमुळे पोटात पाणी झालेल्या रुग्णाला ते घशाचे साधे औषध म्हणून रोज चघळायला देणेही धोक्याचे आहे.

‘वनस्पती आहे, अपाय काय करणार?’

वनस्पतीला आपली पाने किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नयेत असे वाटण्याचे पुरेपूर कारण आहे. तिचा कडूपणा बहुतेक वेळा त्यासाठीच असतो. ती द्रव्ये पोटात गेली की सर्वांत आधी यकृताला भेटतात, हे आपण पाहिलेच. काही द्रव्ये तर यकृताने रूप बदलल्यावरच विषारी होतात.

१९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात लोकांची पोटे पाण्याने फुगू लागली आणि बरेच दगावले. धान्यात रानटी खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळले गेले होते. त्यातल्या द्रव्याचे यकृतात विष बनते आणि ते यकृतातल्या बारीक शिरा बुजवते. शंभर टक्के नैसर्गिक होते ते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात वनस्पती सगळ्यांना चालते, एखाद्याच माणसाला बाधते. त्या माणसाची प्रतिकारशक्ती बिथरते आणि आपल्याच यकृतावर हल्ला करते. गुळवेलीच्या रुग्णांत दिसले ते बऱ्याच अंशी असेच. अनेकांच्या रक्तात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी घेतलेल्या वनस्पतीने ती काहींमध्ये भलत्या दिशेला चेतवली असावी, हा तज्ज्ञांचा तर्क मला सयुक्तिक वाटतो. मंत्रालयाचा वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही. पण तो खरा धरला तर काळजी आणखी वाढते. पिशवीवर गुळवेल लिहिलेले असताना आत दुसरीच वेल असेल, तर घेणाऱ्याला ते कळणार कसे?

पिशवीतल्या मालाचा प्रश्न तसाही मोठा आहे. २००८ साली अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. काही औषधांत धातू हेतुपूर्वक असतात. यकृतासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीत कुटकीबरोबर पारा-गंधकाची कज्जली आणि लोह, अभ्रक, ताम्र यांची भस्मे असतात. ती ‘फक्त झाडपाला’ समजून घेणारे पुष्कळ आहेत.

‘हजारो वर्षांचा अनुभव काय फुकट?’

अनुभवाने काही गोष्टी नक्की कळतात. खाल्ल्यावर तासाभरात उलट्या झाल्या तर कोणालाही कळते. हजारात एखाद्याला, तेही दोन महिन्यांनी, बाधणारी वनस्पती मात्र कोणाच्याच अनुभवात येत नाही. एका वैद्याला आयुष्यात असे दोन-तीन रुग्ण भेटतील, आणि तेही आधीच काविळीचे रुग्ण म्हणून आलेले असतील. चीनमध्ये आणि युरोपात शतकानुशतके वापरात असलेल्या अ‍ॅरिस्टोलोकिया या वेलीचे उदाहरण पाहा. तिने मूत्रपिंडे निकामी होतात हे १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी ती घेतलेल्या स्त्रियांमुळे उघड झाले. पुढे तैवानातल्या यकृताच्या कर्करोगांतही तिच्या विषाच्या खुणा मिळाल्या. कर्करोग व्हायला वर्षे लागतात. इतक्या लांबचा संबंध मानवी स्मरणात राहत नाही.

शिवाय परंपरेत जे वापरत होते तेच आपण घेत आहोत का? पाण्यात उकळलेली पाने वेगळी आणि त्यांचा दाट अर्क भरलेली कॅप्सूल वेगळी. ग्रीन टी पिणाऱ्यांचे यकृत सहसा बिघडत नाही. तिच्या अर्काच्या गोळ्यांनी बिघडल्याच्या नोंदी आहेत आणि युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली त्या अर्कातल्या ईजीसीजी या द्रव्याच्या दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेबद्दल सावध केले आहे. हळदीचेही तसेच: स्वयंपाकातली चिमूटभर हळद निराळी आणि मिरीच्या अर्कासोबत शोषण वाढवलेली कर्क्युमिनची गोळी निराळी. अशा गोळ्यांनंतर यकृतदाह झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

‘इंग्रजी औषधे तरी कुठे निर्धोक आहेत?’

नाहीतच. पॅरासिटॅमॉलची अतिमात्रा हे अमेरिका व ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचे प्रमुख कारण आहे. क्षयरोगावरच्या औषधांनी भारतात अनेकांना यकृतदाह होतो. फरक पडतो तो नोंदीत. क्षयरोगाचा डॉक्टर सुरुवातीलाच सांगतो की मळमळ झाली, डोळे पिवळे झाले तर या. मात्रा ठरलेली असते, गोळीत काय आहे ते छापलेले असते, आणि पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर एन-असिटिलसिस्टीन हा उताराही आहे. वनौषधींबाबत हीच शिस्त आणली तर त्यांचा अपमान होणार नाही. जपानने ते केले. यकृतरोगावर सर्रास दिल्या जाणाऱ्या शो-साइको-तो या पारंपरिक औषधाने फुप्फुसाला सूज येऊन मृत्यू झाल्याचे दिसले, तेव्हा १९९६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर इशारा दिला. औषध परंपरेतले आहे म्हणून कोणी गप्प बसले नाही.

आधुनिक वैद्यकाच्या मर्यादाही आहेत. हिपॅटायटिस एवर नेमके औषध कोणाकडेच नाही. विश्रांती, पाणी, अन्न आणि लक्ष ठेवणे एवढेच, आणि होऊ नये म्हणून लस. हिपॅटायटिस सीवर मात्र दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. फॅटी लिव्हरमध्ये वजन ७ ते १० टक्के उतरवले तर यकृताची सूज खरोखर कमी होते. तेवढा परिणाम दाखवणारी वनौषधी अजून तरी पुढे आलेली नाही.

पिवळे डोळे दिसल्यावर

पहिल्याच आठवड्यात रक्ततपासणी, विषाणूंच्या चाचण्या आणि सोनोग्राफी करून घ्यावी. कोणाकडे उपचार घ्यायचे ते त्यानंतर ठरवावे. कारण कळण्याआधी काहीच सुरू करू नये, काढासुद्धा नाही. लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज असेल तर नळी अडलेली असण्याची शक्यता आहे. पोटात न दुखता कावीळ वाढत असेल आणि वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडातली गाठही असू शकते. तिथे महिनाभराचा पथ्य-काढा म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ निघून जाणे.

तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही आणि शौच फिकट असेल, तर एक दिवसही थांबू नये. पित्तनळ्या जन्मतःच बंद असल्या तर करायच्या शस्त्रक्रियेचा उपयोग बाळ साठ दिवसांचे होण्याआधी सर्वांत जास्त होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई आईच्या जिवावर बेतू शकतो. अशा बाईला घरी ठेवू नये.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपाळू आणि रात्री जागा राहू लागला, उलटीतून रक्त पडले, शौच डांबरासारखे काळे झाले, पाय किंवा पोट फुगले, तर ती यकृत हरत चालल्याची चिन्हे आहेत. काळे शौच, सूज, रक्ताची उलटी, तंद्री, मोह: अशा लक्षणांचा कामलेचा रुग्ण लवकर दगावतो, हे चरकानेही लिहून ठेवले आहे. अशा रुग्णाला घरच्या घरी जोरदार रेचन देणे तर घातक, कारण शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडेही बंद पडू शकतात.

ज्यांना वैद्याकडे जायचे आहे त्यांनी पदवीधर, नोंदणीकृत वैद्याकडे जावे, रिपोर्ट सोबत न्यावेत, औषधात नेमके काय आहे ते लिहून घ्यावे आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. डॉक्टर विचारतील तेव्हा काहीही लपवू नये. चूर्ण, अर्क, सप्लिमेंट, शेजाऱ्याने दिलेली पुडी, सगळे सांगावे आणि उरलेला माल व वेष्टन घेऊन जावे. यकृतदाहाचे कारण शोधताना हे वेष्टन कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

एखाद्या वनौषधीने यकृत दुखावले असे ठरले, तर ती बंद केल्यावर बहुतेकांचे यकृत काही आठवडे-महिन्यांत भरून येते. काहींना स्टेरॉइड द्यावे लागते. तब्येत सुधारल्यावर ‘थोडी घेऊन पाहू’ असे मात्र कधीही करू नये. प्रतिकारशक्तीला ती ओळखीची झालेली असते. दुसऱ्या खेपेचा यकृतदाह कमी मात्रेने, कमी दिवसांत आणि पहिल्यापेक्षा जोराने येऊ शकतो.